डॅन्यूबकाठी सायकलवर, पासाऊ ते ब्रातिस्लाव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा रस्ता मी दोनदा केला. पहिल्यांदा नवऱ्याबरोबर, दुसऱ्यांदा बाबा आणि आत्याला घेऊन. पहिल्या खेपेनंतर कुणी काही विचारलं नाही. दुसरीनंतर मात्र फोन थांबेनात, कारण आत्या जाऊन आली म्हणजे कुणालाही जमेल असं सांगलीतल्या सगळ्या नातेवाइकांनी ठरवून टाकलं. तेच ते प्रश्न, तीच ती उत्तरं. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

डॅन्यूब जर्मनीतल्या काळ्या जंगलाच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे २,८५० किमी वाहून काळ्या समुद्राला मिळते. वाटेत दहा देश लागतात. तिच्या काठानं जाणारा सायकलमार्ग हा अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या ‘युरोव्हेलो ६’ या लांबलचक मार्गाचा भाग आहे. सगळा रस्ता करणारी माणसं वेगळी, आपण वेगळे. बहुतेक जण जर्मनीच्या सीमेवरच्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत जातात, साधारण ३२० किमी. तिथे थांबू नका असं माझं मत आहे. पुढे स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हापर्यंत आणखी ६५-७० किमी जा. पूरबांधावरून, दोन्ही बाजूंना जंगल ठेवून जाणारा खरा रस्ता व्हिएन्नाच्या पुढेच लागतो.

फक्त सायकलींसाठी एवढा सपाट रस्ता बांधला? पैसे बरे आहेत त्यांच्याकडे!

पैसे आहेत, पण रस्ता सायकलींसाठी बांधलेला नाही. हे एकदा लक्षात आलं की वाटेतल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो.

वाफेची जहाजं येण्यापूर्वी माल भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या तर घोडे लागत. काठावरून घोड्यांची रांग दोर ओढत चालायची. त्या वाटेला तिकडे ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. घोड्याला जड नाव ओढताना चढ चालत नाही, म्हणून वाट पाण्यालगत आणि सपाट. घोडे गेले, वाट नदीची देखभाल करणाऱ्यांसाठी राहिली. पुढे ऑस्ट्रियानं डॅन्यूबवर एकामागोमाग एक जलविद्युत केंद्रं बांधली, त्यांच्या जलाशयांना काठाचे बांध आले, त्या बांधांवर गाड्यांसाठी रस्ते आले. व्हिएन्नाच्या पुढे शेतं आणि गावं वाचवायला पूरबांध होताच. सायकलवाले सगळ्यात शेवटी आले आणि त्यांना हे सगळं आयतं मिळालं.

म्हणूनच कधी कधी दहा-दहा किमी गाव लागत नाही, चहाची टपरी तर सोडाच. गाव पुराच्या पट्ट्यापासून मागे सरकून वसलेलं असतं. बांधावर सावली का नाही, हेही यातूनच कळतं: बांधावर झाड वाढू देत नाहीत. मुळांच्या वाटेनं पाणी पाझरतं, आणि झाड उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊन पडतं. आपल्याकडे धरण फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं होतं, त्याची आम्ही वाटेत यथेच्छ चेष्टा केली. पण बिळं करणाऱ्या जनावरांची धास्ती तिकडच्या बांधवाल्यांनाही असते. त्यांचा खेकडा म्हणजे बीव्हर.

चढ किती?

पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर, व्हिएन्ना १६० च्या आसपास. म्हणजे ३२० किमीत जेमतेम १४० मीटरचा उतार. पायाला तो जाणवत नाही, मनाला बरं वाटतं इतकंच. चढ लागतो तो नदी सोडून कुठे बघायला गेलात तर.

उलट, म्हणजे व्हिएन्नाकडून पासाऊकडे गेलं तर?

जाता येतं. पण वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून असतो, आणि उघड्या बांधावर समोरचा वारा घाटापेक्षा वाईट. घाट निदान संपतो.

किती दिवस ठेवावेत?

पासाऊ ते व्हिएन्ना सात दिवस, ब्रातिस्लाव्हापर्यंत आठ-नऊ. आमचे मुक्काम दोन्ही वेळा साधारण असेच होते: श्ल्योगेन, लिन्झ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, टुल्न, व्हिएन्ना. रोजचे ३६ ते ६५ किमी होतात. तरुण मुलं चार दिवसांत उरकतात आणि नंतर त्यांना फक्त पुढच्या सायकलचं चाक आठवतं.

आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना नेता येईल का?

आत्या तेव्हा चौसष्टची, बाबा अडुसष्टचे. बाबांनी साधी सायकल घेतली, आत्यानं बॅटरीची. बॅटरीची सायकल २५ किमी वेगापर्यंतच मदत करते, पायडल मारावंच लागतं. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंग होतं. दोघांनीही जायच्या आधी तीन महिने रोज सकाळी सांगलीहून हरिपूर आणि परत असा सराव केला. आठवड्यातून एकदा लांब फेरी, ३० किमीची.

दुखतं ते पायात नाही, बुडात आणि मनगटात. नवी कोरी गादीची चड्डी तिकडे जाऊन पहिल्यांदा घालू नका. आत्यानं वरून सलवार घातली होती आणि ओढणी मात्र पहिल्याच दिवशी बॅगेत गेली. चेनमध्ये ओढणी अडकण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही.

डावा काठ की उजवा?

हा खरा प्रश्न. बऱ्याच भागात दोन्ही काठांना सायकलमार्ग आहे आणि पाट्याही दोन्हीकडे आहेत. प्रवाहाच्या दिशेला तोंड करून डावा म्हणजे उत्तर, उजवा म्हणजे दक्षिण.

पासाऊहून निघाल्यावर पहिले दोन दिवस दरी अरुंद आणि झाडीची. श्ल्योगेनला नदी जवळजवळ उलटी वळते. डोंगर आडवा आला, त्याला वळसा घालून परत आली. वळणाचं पूर्ण रूप काठावरून दिसत नाही. अर्ध्या तासाची चढण चालून वर गेलात तर दिसतं, जरूर जा. उत्तर काठाची वाट इथे तुटते, पुढे जायला छोटी नाव घ्यावी लागते. दक्षिण काठानं श्ल्योगेनपासून आशाखकडे जाणारा रस्ता जंगलातून, पाण्यालगत, जवळजवळ निर्मनुष्य. माझ्या मते व्हिएन्नाच्या आधीचा सगळ्यात सुंदर तुकडा हाच. कोयनेच्या मागच्या पाण्याच्या काठाने गाडीरस्ता नसता तर कसं वाटलं असतं, तसा.

लिन्झच्या आधी ओटेन्सहाइमला नदी ओलांडायची होडी आहे. तिला इंजिन नाही. नदीवर आडवी तार ताणलेली, होडी त्या तारेला बांधलेली. नावाडी होडी प्रवाहाला तिरकी धरतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. बाबा कृष्णेच्या होड्यांत वाढलेले. त्यांनी नावाड्याला खुणेनं विचारलं, वल्हं कुठाय? तो हसला आणि नदीकडे बोट दाखवलं. अशीच एक होडी पुढे वाखाऊ भागात श्पिट्झला आहे. नावांवर सायकलसकट घेतात, सुटे पैसे जवळ ठेवा.

लिन्झनंतर माउटहाउझेनपासून ग्राइनपर्यंत उत्तर काठ घ्या. मेल्क ते क्रेम्स म्हणजे वाखाऊ. हा पट्टा २००० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. इथे माझं आणि नवऱ्याचं अजून एकमत नाही. उत्तर काठाला द्राक्षमळे, जुनी गावं आणि गर्दी: श्पिट्झ, वाइसेनकिर्खेन, ड्युर्नश्टाइन. ड्युर्नश्टाइनच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. दक्षिण काठाला जर्दाळूच्या बागा आणि शांतता. नवरा उत्तरेचा, मी दक्षिणेची. अर्धं अंतर एका काठानं जाऊन श्पिट्झच्या होडीनं दुसरा काठ पकडला तर संसार टिकतो.

क्रेम्सनंतर दक्षिण काठ.

पाट्या कळतात का? नकाशा लागतो का?

निळ्या चौकोनात पिवळ्या ताऱ्यांमध्ये ६ आकडा म्हणजे युरोव्हेलो. मोबाइलवर नकाशा उतरवून ठेवा म्हणजे झालं. नदी कायम शेजारी असताना चुकायचं कसं? आम्ही चुकलो, पण शहरात. लिन्झमध्ये आणि व्हिएन्नात.

पूर आला तर?

हा प्रश्न सांगली-कोल्हापूरवालेच विचारतात, पुण्या-मुंबईचे कधीच नाही.

पासाऊला तीन नद्या मिळतात: डॅन्यूब, इन आणि इल्त्झ. तिघींचे रंग वेगळे आणि मिळाल्यावरही काही अंतर तसेच दिसतात. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्याला तिथे उभं राहून काही सांगावं लागत नाही. तिथल्या जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात, सालासकट. जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं. त्याच्या वर खूण आहे ती थेट १५०१ ची. बाबा तिथे बराच वेळ उभे होते. आमच्याकडे आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात आणि अख्खं शहर पावसाळ्यात तो एक आकडा विचारत असतं. बाबांनी मीटरचे फूट केले, बेचाळीसच्या वर काहीतरी, आणि म्हणाले, ‘आकड्यात आपण पुढं आहे.’ दोन गावांची शून्य पातळी वेगळी असते हे त्यांना माहीत आहे, तरी म्हणालेच.

पुढे जाताना पुराची तयारी जागोजाग दिसते, नजर हवी. माउटहाउझेन ते ग्राइन भागात माखलांड नावाचा सुमारे ३६ किमीचा पूरबांध २०१२ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. बांध टिकला. नदीकाठच्या काही गावांत फुटपाथच्या कडेला जमिनीत लोखंडी झाकणं दिसतील. पुराचा इशारा आला की त्यांत खांब उभे करून मध्ये अॅल्युमिनियमच्या फळ्या सरकवतात आणि गावापुढे भिंत उभी राहते. पाणी उतरलं की फळ्या परत गोदामात. नदी वर्षभर दिसावी, म्हणून पक्की भिंत नाही.

प्रवासाचं म्हणाल तर: पाणी चढलं की काठाची वाट आधी बंद होते, कारण ती नदीचीच जागा आहे. फळकुटं लावून वळण दाखवतात. ते ऐका. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या पश्चिमेकडच्या भागात मोठा पूर आला होता, म्हणजे पावसाळी महिनाच असावा लागतो असं नाही. ट्रेन बहुतेक टप्प्यांत नदीच्या आसपासच असते, दोन मुक्काम ट्रेननं उडी मारून गेलात तर कुणी तिकीट मागत नाही. म्हणजे ट्रेनचं मागतात.

व्हिएन्नाच्या पुढे एवढं काय आहे?

सुरुवातीला काहीच नाही. व्हिएन्नातून बाहेर पडताना आधी डॅन्यूब बेट लागतं. २१ किमी लांब, माणसानं केलेलं. पुराचं पाणी काढून द्यायला १९७२ ते १९८८ या काळात शेजारी दुसरं पात्र खणलं, त्यातून निघालेल्या मातीचं हे बेट. आता सगळं शहर तिथे पोहायला आणि मांस भाजायला येतं. मग तेलाच्या टाक्या येतात, पांढऱ्या, अजस्र, कुंपणामागे. पहिल्या वेळी आम्ही इथून परत फिरणार होतो. रस्ता चुकलाय असं वाटलं होतं.

टाक्या संपतात आणि एकदम बांध सुरू होतो. बांध म्हणजे शेताचा नव्हे. दोन माणसं उंच, माथ्यावर रस्ता, दोन्ही उतारांवर फुलांचं गवत. तो नाकासमोर जातो, ओर्थ आणि एकार्टसाऊच्या बाजूनं श्टोप्फेनरॉइथपर्यंत, पस्तीस-चाळीस किमी. दोन्ही बाजूंना पाणथळ जंगल: विलो, पॉप्लर, मधूनच काळं साचलेलं पाणी, पडलेली झाडं तशीच. उजवीकडे नदी असते पण दिसत नाही. बांधानं या जंगलाचे दोन भाग केले. नदीकडच्या जंगलात पूर अजून येतो, बांधाआडच्या जंगलाला तो बराच तुटला. दोन तास सायकल मारताना हा फरक डोळ्यांनी दिसतो.

हे जंगल आज आहे ते एका भांडणामुळे. ऑस्ट्रियात डॅन्यूबचे मोकळे वाहणारे पट्टे दोनच उरलेत, वाखाऊ आणि हा. १९८४ मध्ये इथे हाइनबुर्गजवळ आणखी एक जलविद्युत केंद्र होणार होतं. मे महिन्यात काही जाणत्या लोकांनी जनावरांचे वेष घालून पत्रकार परिषद घेतली. लोक हसले. डिसेंबरात हजारो माणसं कडाक्याच्या थंडीत श्टोप्फेनरॉइथच्या जंगलात तंबू ठोकून बसली. १९ डिसेंबरला पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्याच संध्याकाळी व्हिएन्नात प्रचंड मोर्चा निघाला, आणि सरकारनं नाताळपुरतं काम थांबवलं. जानेवारीत न्यायालयानं झाडतोडीला मनाई केली. केंद्र झालंच नाही. १९९६ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, आता सुमारे ९,६०० हेक्टरांचं. ओर्थच्या जुन्या किल्ल्यात त्याचं माहिती केंद्र आहे. तिथे पाण्याखाली बसून मासे बघायची खोली आहे, बाबा तिथून निघेनात.

जंगलात सायकल फक्त खुणा केलेल्या वाटांवरच चालते. बांधावरून खाली उतरून दहा मिनिटं पायी जा, खंड्या दिसेल. खंड्या सांगलीतही दिसतो, पण तिकडे तो दिसला की माणसं कुजबुजतात.

आणि हो, गेली काही वर्षं या बांधाची टप्प्याटप्प्यानं डागडुजी होते. एखादा तुकडा बंद असू शकतो, निघण्यापूर्वी चौकशी करा. बांधावर दोन लिटर पाण्याशिवाय चढू नका. जुलैच्या दुपारी तो तव्यासारखा तापतो.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

होतं, थोडं सावध राहून. ‘वेगेटारिश’ हा एक शब्द पाठ करा, आणि ‘ओने श्पेक’, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तुकड्यांशिवाय. ते तुकडे तिकडे आपल्या कोथिंबिरीसारखे भुरभुरतात, बटाट्यावर, सॅलडवर, कशावरही. सूपपासून जपा: आत साधे शेवयांसारखे धिरड्याचे तुकडे दिसतात, पण पाणी गोमांसाचं असतं. आत्याला ते दुसऱ्या चमच्यानंतर कळलं. तिनं शांतपणे चमचा ठेवला आणि म्हणाली, ‘गंगा लांब आहे, डॅन्यूब जवळ आहे,’ आणि बाहेर जाऊन चुळा भरल्या.

चीज घातलेल्या श्पेट्झ्ले, पावावर लावायचं तिखटसर लिप्टाउअर, उन्हाळ्यात पिवळ्या रानअळंब्यांच्या भाज्या, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासाचं सार्थक म्हणजे मारिलेनक्न्योडेल. वाखाऊचा जर्दाळू अख्खा आत घालून केलेला गोळा, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. उकडीच्या मोदकाचा दूरचा भाऊ. ताजे जर्दाळू जुलैत मिळतात. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या, पिठात असू शकतं. कांदा-लसूण-बटाटा न खाणाऱ्यांनी मुक्कामाला स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, दुसरा मार्ग दिसत नाही.

दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली तर तो द्राक्षमळेवाल्याचा स्वतःचा अड्डा, ‘हॉइरिगर’, आणि डहाळी म्हणजे आज उघडा आहे. थंड खाणं, स्वतःची वाइन, अंगणातली बाकं.

घरून मेतकूट, चटण्या, भाजणी, चिवडा खुशाल न्या. तूप, पेढे, चीक वगैरे नको: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान घ्या. हे सगळे वाचतात आणि सगळेच विसरतात.

पिण्याचं पाणी?

नळाचं प्यायचं. वाटेत संपलं तर गावाचं स्मशान शोधा. हसू नका. फुलझाडांना घालायला तिथे नळ असतोच आणि अनुभवी सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर पिऊ नका. आत्या पहिल्यांदा आत यायला तयार नव्हती, दुसऱ्या दिवशीपासून तीच आधी चर्चचा मनोरा शोधू लागली.

सायकल इकडून न्यावी की तिकडे भाड्यानं घ्यावी?

पहिल्या वेळी नेली, दुसऱ्या वेळी भाड्यानं घेतली. स्वतःची सायकल म्हणजे खोक्यात बांधणं, विमानाचं जादा वजन, उतरल्यावर वाकलेला हँगर, म्हणजे मागचा गिअर जिथे टांगतात तो तुकडा, सरळ करणं आणि परतीला पुन्हा खोकं शोधणं. महिनाभर फिरणार असाल तरच करा. भाड्याची सायकल पासाऊत घेऊन व्हिएन्नात सोडता येते, फक्त आधी सांगून ठेवावं लागतं. ब्रातिस्लाव्हापर्यंत न्यायची असेल तर तिथून ट्रेननं तासाभरात व्हिएन्नाला परत आणा.

एक धोका सांगते. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना मागे पायडल फिरवलं की लागणारा ब्रेक असतो. आपल्याला सिग्नलला उभं असताना पायडल मागे फिरवून जागेवर आणायची सवय. मी पासाऊच्या पहिल्याच चौकात सवयीनं पाय मागे फिरवला, सायकल जागच्या जागी थांबली आणि मी थांबले नाही. गुडघा फुटला. नको असेल तर मागतानाच सांगा. ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप जवळ हवाच. आणि पंप आपल्या व्हॉल्व्हला बसतो का ते दुकानातच लावून बघा.

रस्ता बहुतेक डांबरी, मधून बारीक खडीचा. ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर उत्तम.

सामान?

मागच्या कॅरिअरला दोन पॅनियर बॅगा, बास. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी मुक्कामावरून मुक्कामाला बॅगा पोचवणाऱ्या सेवा आहेत. बाबांना ते लाजिरवाणं वाटलं, आत्याला नाही.

व्हिसा कुठल्या देशाचा?

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया तिन्ही शेंगेनमध्ये, एकच व्हिसा पुरतो. अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, म्हणजे या प्रवासात ऑस्ट्रियाकडे, विमान म्युनिकला उतरलं तरी. रात्री सारख्या असतील तर जिथून प्रवेश तो देश. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात सायकलवरून पडणं धरलंय का हे बारीक अक्षरांत वाचा. अर्जासोबत रोजच्या मुक्कामाचा तक्ता आणि नकाशा जोडला की प्रवास नेमका काय आहे ते त्यांना कळतं. आमच्या वेळी खिडकीवरच्या बाईंनी आत्याचं वय बघून तक्ता दोनदा वाचला.

केव्हा जावं?

मे अखेर ते जून, नाहीतर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टला ऊन आणि गर्दी. नोव्हेंबर ते मार्च बऱ्याच नावा आणि बऱ्याच खानावळी बंद.

डास, गोचीड, साप?

सापाची काळजी सोडा. डास पूर ओसरल्यावर जंगलाच्या पट्ट्यात झुंडीनं येतात, संध्याकाळी सहाच्या आत तिथून निघा. गोचीड मात्र गंभीर आहे. ऑस्ट्रियात गोचिडीतून मेंदूज्वराचा एक प्रकार पसरतो, त्याची लस मिळते, पण ती टप्प्याटप्प्यानं घ्यावी लागते. म्हणून निघण्याच्या काही महिने आधी डॉक्टरांशी बोला. गवतात बसलात की रात्री गुडघ्यामागं, काखेत, कंबरपट्ट्याखाली तपासा.

नियम?

उजवीकडून चालवा. हे वाचायला सोपं आहे. समोरून दुसरी सायकल अचानक आली की भारतीय माणूस डावीकडे झुकतो, आणि समोरचा त्याच बाजूला येतो. बाबांची एका डच काकांशी अशीच गळाभेट झाली. घंटी आणि दिवे हवेत. ऑस्ट्रियात १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, तुम्ही मुलांपेक्षा शहाणे असाल तर तुम्हीही घाला. मोबाइल हातात धरून चालवायची नाही. दारूची मर्यादा सायकललाही लागू आहे, रक्तात ०.८ प्रति हजार. ‘राडलर’ म्हणजे सायकलवाला, आणि ‘राडलर’ म्हणजे बिअरमध्ये लिंबू सरबत मिसळलेलं पेयही. नाव सारखं आहे म्हणून सवलत मिळत नाही.

बाईमाणसाला एकटीनं जमेल का?

जमेल. एकट्या निघालेल्या साठीच्या बायका मला दोन्ही वेळा भेटल्या. बांधाच्या निर्मनुष्य तुकड्यावर मला भीती वाटली ती पंक्चरची.

वाटेत थांबून काय बघावं?

मेल्कचा मठ तुम्ही बघणारच, चुकवता येणार नाही इतका मोठा आहे. मी तीन वेगळी नावं घेते.

ग्राइनचं नाट्यगृह, १७९१ चं. लहानसं, लाकडी, खुर्च्यांना कुलपं लागायची, म्हणजे पैसे भरलेल्याचीच खुर्ची. शेजारी तुरुंग होता आणि भिंतीतल्या झरोक्यातून कैद्यांना नाटक दिसायचं. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते आमच्याकडेच. त्यामुळे बाबांनी तिकीट काढलं ते तपासणी अधिकाऱ्याच्या थाटात, आणि बाहेर पडताना झरोका मान्य केला.

माउटहाउझेनची छळछावणी, १९३८ ते १९४५. इथे आणि तिच्या शाखांत सुमारे १,९०,००० माणसं कोंडली गेली, त्यातली किमान ९०,००० मेली. नदीवरून वर जायला खडा चढ आहे. सायकल खाली लावून चाललात तरी चालेल. त्या दिवशी पुढे फार अंतर ठेवू नका.

आणि टुल्नच्या आधी झ्वेन्टेनडोर्फ: पूर्ण बांधून तयार असलेलं अणुऊर्जा केंद्र, जे कधी सुरूच झालं नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये जनतेचं मत घेतलं, अगदी थोड्या फरकानं ‘नको’ निघालं. सायकलमार्ग त्याच्या शेजारून जातो.

असा रस्ता आपल्या नद्यांवर का नाही?

दख्खनच्या नद्या खोल कापून वाहतात, काळ्या मातीचे काठ दर पावसाळ्यात ढासळतात आणि शेत थेट दरडीपर्यंत असतं. बिहारमधल्या कोसी नदीसारखे लांबच लांब बांध आपल्याकडे नाहीत. आपल्याकडचा ट्रेपेलवेग म्हणजे कालव्याची कडेची वाट. नीरेच्या कालव्यावर पहाटे जाऊन बघा. सपाट, पाण्यालगत, बाभळीची सावली, अधूनमधून म्हैस. पाटबंधाऱ्याची हद्द आहे, त्यामुळे आधी विचारा.

ब्रातिस्लाव्हाच्या पुढे, बुडापेस्टपर्यंत जावं का?

श्टोप्फेनरॉइथला बांध सोडून पुलावरून हाइनबुर्गला या, तिथून पंधरा-अठरा किमीवर ब्रातिस्लाव्हा. सीमा कुठे लागली ते कळतही नाही. वेळ असेल तर थोडं उत्तरेकडून मोराव्हा नदीवरच्या सायकलपुलानं जा. हा २०१२ चा पूल जिथे आहे तिथे पूर्वी शीतयुद्धातला ‘लोखंडी पडदा’, म्हणजे पूर्व आणि पश्चिम युरोपमधली बंद सीमा होती. नावासाठी लोकांची मतं मागवली तर सगळ्यात जास्त मतं चक नॉरिस या अमेरिकन मारधाडपटांतल्या नटाला पडली. अधिकाऱ्यांनी शेवटी ‘स्वातंत्र्याचा सायकलपूल’ ठेवलं.

पुढचा रस्ता वेगळ्या जातीचा आहे. स्लोव्हाकियाच्या बाजूनं गाब्चिकोव्होच्या कालव्याचे बांध आहेत. १९९२ मध्ये डॅन्यूबचं बरंचसं पाणी या कालव्यात वळवलं, हंगेरीशी वाद हेगच्या न्यायालयापर्यंत गेला, १९९७ च्या निकालात दोघांचंही चुकलं असं ठरलं. कालवा शेजारच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहतो. बांधावरून एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला, खूप खाली, गावांची कौलं. डांबर गुळगुळीत, झाड एकही नाही, वळण जवळजवळ नाही. नवरा म्हणतो तो त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस होता. मी त्या दिवशी वारा समोरून असताना चार तास त्याच्या मागच्या चाकाकडे बघत होते. दुसऱ्या खेपेला बाबा आणि आत्याला मी ब्रातिस्लाव्हाच्या स्टेशनवरच थांबवलं, आणि आत्यानं ट्रेनमध्ये सायकल टांगायच्या हुकाला आपली सायकल स्वतः टांगली. बॅटरी आधी काढून घ्या, नाहीतर उचलत नाही.